गोमा म्हात्र्यांचे डोळे

मी एकदा मेलेल्या माणसाला हसायला सांगितलं होतं. नुसतं सांगून थांबले नाही. तो हसत नाही म्हणून त्याच्यावर वैतागलेसुद्धा.

माझी नातवंडं हा किस्सा ऐकून सोफ्यावर लोळतात. लोळू देत. पुढचा भाग मी त्यांना सांगत नाही, कारण त्यानंतर ती आरशात बघायची बंद होतील. तो इथे लिहिते.

नव्वदच्या दशकाची पहिली दोन-तीन वर्षं. मी एकतीस वर्षांची होते आणि वाशीच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. स्टुडिओ सावंतांचा. आतलं काम, म्हणजे पासपोर्ट फोटो, ते स्वतः करायचे. बाहेरचं सगळं माझ्याकडे. हळदी, बारशी, बुद्धजयंतीच्या मिरवणुका, गावदेवीच्या जत्रा, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, आणि नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्या गावांचे मोर्चे. मोर्च्यांचे फोटो एक स्थानिक साप्ताहिक छापायचं. तेवढ्यावर मी स्वतःला पत्रकार समजायचे. अकरा खिशांचं जॅकेट घालायचे. एका खिशात रोल, एका खिशात रुमाल, उरलेल्या नऊ खिशांत रुबाब.

त्या रविवारी मी स्टुडिओत पोचले तर सावंतांनी चिठ्ठी ठेवली होती. 'घणसोली गाव. म्हात्रे. आजोबांचा फोटो. हार घालून बसवलंय. लगेच जा.' आदल्याच आठवड्यात मी घणसोलीत दोन सत्कार काढले होते. हार म्हटल्यावर तिसरा सत्कार. इतका सरळ हिशेब. फोन करून विचारावं असं ज्याच्या मनात येतं तो शहाणा माणूस. मी कॅमेऱ्याची बॅग उचलली.

गावठाणातल्या गल्ल्या अरुंद. रिक्षा तळ्यापाशी सोडली आणि चालत गेले. म्हात्र्यांच्या घरी ओटीवर आणि अंगणात शंभरेक माणसं असतील, पण आवाज नव्हता. बायका एका बाजूला बसलेल्या, पदर तोंडावर. मी आत शिरले तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. मला वाटलं, कॅमेऱ्याचा मान. ती शांतता माझ्यासाठीच केली होती हे खरंच, पण कशी ते मला मागाहून कळलं. फोटोवाली येतेय, घटकाभर रडणं थांबवा, असं कुणीतरी बायकांना सांगितलं होतं.

ओटीवर भिंतीपासून हातभर पुढे पांढरी चादर टांगली होती. चादरीसमोर खुर्ची. खुर्चीत म्हातारबाबा. पांढरी टोपी, झेंडूचा हार, हात मांडीवर. डोळे मिटलेले. मी मनात म्हटलं, वाट बघून बघून डुलकी लागली बिचाऱ्यांना.

ओटीवर उजेड कमी होता आणि फ्लॅशचे सेल मी घरी विसरले होते. म्हणून ट्रायपॉड लावला. उजेड कमी असेल तेव्हा कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. साधा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतो. इथे मला पूर्ण एक सेकंद हवा होता. एक सेकंद माणसानं हलायचं नाही, हे फार अवघड असतं.

"काका, हनुवटी जरा वर घ्या," मी म्हटलं.

हनुवटी वर आली. सावकाश, न थरथरता, हवी तितकीच.

"बस. आता डोळे उघडा. आणि हसा की थोडं, तुमचाच तर कार्यक्रम आहे."

काही झालं नाही. मी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "काका, ऐकू येतंय ना?"

तेव्हा चादर बोलली.

"डोले नाय उघराचं, मॅडम. मेलाय तो."

आणि मला हनुवटीखालची बोटं दिसली. जाड, सावळी, जिवंत बोटं. चादरीच्या कडेनं आत आलेली. थोरला मुलगा विलास मागे उभा राहून बापाची मान धरून होता. धाकटा मागे बसून कंबर धरून होता. घरात म्हाताऱ्याचा एकही फोटो नव्हता. म्हणून न्यायच्या आधी त्याला एकदा बसवला होता.

पळून जावंसं वाटलं. त्याऐवजी जे येत होतं ते केलं. विलासला बोटं थोडी मागे घ्यायला सांगितली आणि बटण दाबलं. एक सेकंद. त्या फोटोत कडेला बसलेल्या बायका पुसट आल्यात, कारण जिवंत माणूस श्वास घेतो. सबंध फोटोत रेखीव आलाय तो एकटा गोमा म्हात्रे. पापणीचा केस न् केस मोजून घ्या.

बॅग भरत होते तेव्हा त्याची बायको उठून माझ्याजवळ आली. हिराबाय. ठेंगणी, काटक, डोळे कोरडे.

"डोले उघरून मिलतील ना, बाय? शेजारच्या तुक्याचं दिलंव तुमीं."

"मिळतील की," मी म्हटलं. त्या क्षणी तिनं गोमाला उठवून मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

"बाराव्याला लावाचा हाय. बंद डोल्यांचा नको. बंद डोल्यांचा मी बगितला."

आता हे डोळे उघडणं म्हणजे काय ते सांगते. तेव्हा स्टुडिओत कॉम्प्युटर नव्हते. माणूस गेल्यावर काढलेला फोटो मॅट कागदावर मोठा करायचा आणि त्यावर बारीक ब्रशनं, मिटलेल्या पापण्यांवर, उघडे डोळे रंगवायचे. याला आम्ही टचिंग म्हणायचो. भिंतीवरच्या कित्येक आजोबांचे डोळे असे हातानं काढलेले असायचे. घरच्यांना ठाऊक असायचं, पाहुण्यांना नसायचं.

आमचे टचिंगवाले मुकादम मास्तर. उरणचे. दर मंगळवारी स्टुडिओत यायचे, खिडकीपाशी बसायचे, आठवड्याचं काम एका बैठकीत संपवायचे. मंगळवारी मी प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटी करून बघितली, मग सुलटी.

"जिवंतपणीचा फोटो?"

"नाही."

"मग मी काय बघून काढू?"

"मास्तर, डोळेच तर आहेत. मनानं काढा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बाई, मनानं काढलेले डोळे नुसते असतात. बघत नाहीत. घरच्यांना लगेच समजतं. एक फोटो आणा. कसलाही, केवढासाही."

सावंत काउंटरवरून म्हणाले, "मोर्चे कोण काढतं? तुम्हीच ना, पत्रकार? त्यात असेल तुमचा म्हातारा."

असेल नाही, होताच. खुर्चीत ओळखला नव्हता, आता आठवला. जमिनीच्या प्रत्येक मोर्च्यात तो शेवटच्या रांगेत असायचा. मी तीन वर्षांच्या कॉन्टॅक्ट शीट्स काढल्या. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे एका रोलमधले सगळे फोटो निगेटिव्हच्याच आकारात एका कागदावर छापलेले, स्टॅम्पएवढे. त्यावर भिंग धरून बघायचं. चार दिवस मी दुपारी तेच केलं. बेलापूरचे मोर्चे, जासईची सभा, हायवेवरचा रास्ता रोको.

गोमा म्हात्रे मला चौदा फ्रेममध्ये सापडला.

पहिल्या फ्रेममध्ये त्यानं तोंडापुढे छत्री धरली होती. दुसरीत पाठ. तिसरीत हात. चौथीत चेहरा सरळ माझ्याकडे, आणि डोळे मिटलेले. पाचवीतही. सहावीत त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं घोषणा देताना, तोंडं उघडी, आणि मधे हा, गप्प, डोळे मिटून. एखाद्या फोटोत पापणी पडते, ते मी समजू शकते. इथे चौदा फोटोंत मिळून एकही उघडा डोळा नव्हता. जेव्हा जेव्हा मी बटण दाबलं तेव्हा तेव्हा त्याला ते आधी कळलं होतं. चौदावी फ्रेम मी दोनदा तपासली. खुर्चीतला तो एक फोटो आणि ही फ्रेम शेजारी ठेवली तर यातला कुठला मेल्यानंतरचा ते सांगता आलं नसतं.

मी विलासला फोन केला. किराणावाल्यानं त्याला बोलावून आणला.

"तुझे वडील फोटोला तोंड का लपवायचे रे?"

"पयल्या आंदोलनात फोटोवरून चौकशा झाल्या, मॅडम. फोटोत ज्याचं तोंड त्याच्या दारात पोलिसांची जीप. तवापासून बा म्हनाचा, कॅमेरा दिसला का डोले बंद. डोले बंद असलं का मानूस वलखाला येत नाय." मग म्हणाला, "तुमाला बगून तर तो लांबूनच बंद कराचा. ती जाकिटवाली आली बोलाचा."

नऊ खिशांतला रुबाब मी त्या दिवशी पहिल्यांदा थोडा कमी केला.

दुसरा मंगळवार उजाडला. बारावा गुरुवारी. मास्तर आले, पाण्याचं भांडं भरलं, ब्रश मांडले.

"सापडला?"

"नाही."

"मुलाला आणा. बापाचे डोळे मुलात थोडेफार येतात."

"आज दहावा आहे. मुलं विधीला गेलीत. संध्याकाळपर्यंत येत नाहीत."

"मग नाही जमणार."

आणि इथे मी आयुष्यातला दुसरा मूर्खपणा केला. पहिल्याला निदान चिठ्ठी जबाबदार होती. ह्याला मी एकटी.

"माझे बघून काढा," मी म्हटलं.

मास्तर हसले नाहीत. "बाईमाणसाचे? पुरुषाच्या तोंडावर?"

"डोळ्यांना कुठे आलंय बाई-पुरुष, मास्तर? तुम्हाला बघणारे डोळे हवेत. हे बघतात. यांचं कामच ते आहे."

मला हे बोलणं फार पुढारलेलं वाटलं. मास्तरांनी सावंतांकडे पाहिलं. सावंत म्हणाले, "गुरुवारी डिलिव्हरी आहे." तेवढ्यावर मामला मिटला.

मी खिडकीपाशी स्टुलावर बसले. मास्तर दीड तास काढत होते. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, हलू नका, इकडे बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, डोळ्यांकडे बघत होते, वस्तू बघावी तसे. एकदा म्हणाले, "पापणी नका पाडू." मी पाडली नाही. पाणी आलं. त्यांनी तेवढ्यात डोळ्यातल्या चमकेचा पांढरा ठिपका दिला. काम झाल्यावर मला प्रिंट दाखवली. म्हातारा बघत होता. छान वाटला. मला त्यात माझं काहीच दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी सावंतांनी फ्रेम पाठवून दिली. बाराव्याचे फोटो काढायला मी दुपारी बाराच्या सुमारास पोचले. ओटीवर पंगत बसायच्या बेतात होती. फोटो समोरच्या भिंतीवर, दाराच्या नेमका समोर. हार घातलेला, उदबत्ती लावलेली.

एक गोष्ट लगेच जाणवली. पंगतीची पानं आडवी मांडली होती. ओटीवर पानं भिंतीला धरून उभी मांडतात, इथे सगळ्यांची पाठ किंवा कूस फोटोकडे येईल अशी मांडलेली. फोटोकडे तोंड करून कुणीच बसणार नव्हतं.

विलासची बायको सुनंदा ताटं घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, फोटो चांगला हाय. पन मास्तरांना सांगून डोले जरा मऊ करून मिलतील का? सकालपासून मी चूल सोडून हिकडं-तिकडं गेले का तो माझ्या मागं येतय."

"फोटोत असं वाटतं गं. सरळ बघणारा फोटो असला की सगळीकडून बघितल्यासारखा वाटतो."

"तसा नाय. तो थांबून बगतय."

विलास म्हणाला, "आमचा बा असा नेम धरून बगीत नव्हता."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पंगत, वरती फोटो, अशी फ्रेम. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून बघताना मी डावा डोळा बारीक करते. सगळेच फोटोग्राफर करतात. बारा-पंधरा वर्षं तेच केल्यानं माझा डावा डोळा कायमचा थोडा बारीक झाला होता. नवरा चिडवायचा. मला आवडत नसे, म्हणून मी आरशात तिकडे बघत नसे.

खिडकीत गोमा म्हात्रे दिसला. उजवा डोळा पूर्ण उघडा. डावा थोडा बारीक.

तो फोटो काढत होता.

दुसरा शब्द मला आजही सापडलेला नाही. पंगतीकडे, पोरांकडे, सुनेकडे तो तसाच बघत होता जसं मी बघते. कोण कुठे बसलंय, उजेड कुठून येतोय, कोण आता हलणार आहे. आणि सगळ्यांच्या वरून तो माझ्याकडेही बघत होता. जन्मभर ज्यानं माझ्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिटून घेतले त्याला मी उघड्या डोळ्यांनी भिंतीवर टांगला होता, आणि डोळे होते त्या जाकीटवालीचे.

मी कॅमेरा खाली घेतला. हिराबाय भिंतीशी बसली होती. तिनं फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत फोटोकडे. आणि सुनेला म्हणाली, "बायला वाढ."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही. सावंतांना सांगितलं, रोल अडकला.

दुसऱ्या दिवशी त्यांना खरं सांगितलं.

"कस्टमरची कम्प्लेंट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुमची का आहे?"

"सावंत, त्या बाईकडे नवऱ्याचा दुसरा फोटो नाही. जो आहे तो त्याचा नाही."

"टचिंगमध्ये असंच असतं. सोडा आता."

सोडता येईना. सकाळी दात घासायला आरशासमोर उभी राहिले की गोमा म्हात्रे मला दात घासताना बघायचा. मी आरशाकडे पाठ करून दात घासायला लागले, ती पंगत फोटोकडे पाठ करून बसली होती तशी. त्याच महिन्यात बेलापूरला मोर्चा होता. मी कॅमेरा उचलला आणि शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. असे किती जण मिटतात ते मला आधी कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मी फक्त पुढच्या रांगेचे फोटो काढले, ज्यांना फोटो हवा होता त्यांचे.

महिन्याभरानं मी एक दुपार काढून घणसोलीला गेले. पिशवीत त्याच निगेटिव्हची दुसरी प्रिंट, टचिंग न केलेली. पोरं कामावर, सुनंदा माहेरी. हिराबाय एकटी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. फोटो भिंतीवर तसाच. पानं आडवी मांडायची सवय आता घरात मुरली असावी, कारण पाटसुद्धा आडवाच ठेवलेला.

मी फोटोकडे पाठ करून बसले आणि सगळं सांगितलं. मास्तर, स्टूल, माझा शहाणपणा. बोलताना मान वर केली नाही. मग मिटल्या डोळ्यांची प्रिंट तिच्यापुढे ठेवली.

"हा खरा आहे, हिराबाय. हा लावा. तो मी उतरवून नेते."

तिनं प्रिंट हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग उलटी करून शेंगांच्या सुपाखाली ठेवली.

"ह्यो मेलेला हाय. ह्याला मी जालून आयले."

"पण त्यातले डोळे माझे आहेत."

"मना ठावं हाय. बाराव्याला तू खाली उभी नि तो वर. मी काय आंधली हाय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तिनं दोन शेंगा सोलल्या.

"त्यानी मना पन्नास वर्सान कंदी समोर बगून बोलला नाय, बाय. मारला नाय, शिवी दिली नाय. पन बगला बी नाय. जेवताना ताटात बगाचा, बोलताना खाडीकडं बगाचा. आता बगतय. पोरांना भ्याव वाटतय, वाटू दे. मी सांजला दिवा लावते नि त्याच्या सामनं बसते. तो बगतय, मी बगते."

मी फोटो उतरवला नाही. तो तिथेच राहिला. विलासनं पुढे घर वाढवलं, ओटीची खोली झाली, भिंतीचा रंग बदलला, तरी फोटो दाराच्या समोरच. मुकादम मास्तरांना मी पुन्हा कधी कुणाचे उसने डोळे दिले नाहीत, आणि ते म्हणाले बरं झालं, कारण माझा डावा डोळा काढायला त्यांना फार त्रास पडला होता. जॅकेट मी बोहारणीला दिलं. आणि कामाचा एक नियम केला तो शेवटपर्यंत पाळला. कुठेही गेलं की कॅमेरा आधी बाहेर काढायचा नाही. आधी बसायचं, पाणी घ्यायचं, ज्याचा फोटो आहे त्याची विचारपूस करायची, आणि तो उत्तर देतो का ते बघायचं.

त्या दुपारी मी निघाले तेव्हा हिराबाय पायरीपर्यंत आली. मी म्हटलं, येईन अधूनमधून. तिनं मागे वळून एकदा भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"येशील तं सांगून ये, बाय. दोगं एकदम बगाया लागलं का मना समजत नाय, जेवन कोनाला वाढू."